इतर हक्क

रेडिस या डेटाबेसचं लायसन्स बदललं त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या ऑफिसात एक एक्सेल शीट फिरू लागली. कंप्लायन्सकडून आलेली, त्यामुळे भरण्यावाचून सुटका नव्हती. आमचं सॉफ्टवेअर ज्या ज्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, गोष्टींच्या जिवावर चालतं त्या सगळ्यांची नोंद करायची होती. नाव, व्हर्जन, लायसन्स आणि शेवटच्या रकान्यात 'ओनर'. दुपारच्या जेवणानंतरची सुस्ती, एसीची घरघर, शेजारच्या टेबलावर कुणीतरी उघडलेल्या बाकरवडीचा वास, आणि मी एकेक ओळ भरत चाललो होतो. काही ओळी सोप्या होत्या, कंपनीचं नाव टाकलं की झालं. काहींपुढे फाउंडेशन लिहिलं. पोस्टग्रेस या डेटाबेसपाशी मात्र हात थांबला. तो रकाना रिकामा ठेवून पुढे गेलो. संध्याकाळी कंप्लायन्सच्या मॅडमचा फोन. "सर, रो एकेचाळीसला ओनर ब्लँक आहे. सिस्टिम घेत नाहीये." म्हटलं, "त्याला ओनर नाहीये." "म्हणजे माहीत नाही का सर?" "माहीत आहे. नाहीये." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग समजूतदार आवाजात, "मी 'कम्युनिटी' टाकून बघते सर." सिस्टिमनं ते घेतलं. कम्युनिटी म्हणजे नक्की कोण, असं काही तिनं विचारलं नाही.

मला मात्र तो रकाना रात्रीपर्यंत सोडेना.

मालकाचा रकाना हा आमच्या घराण्यातला जुना विषय. आजोबा चिपळूण तालुक्यात कूळ होते. खोती कायद्यानं गेली तरी गाव ज्यांना खोतच म्हणायचं, त्यांच्या भाताच्या खाचरांत आजोबांच्या वडिलांपासून सगळे राबत आले. बांध आम्ही घातलेले, पावसात फुटले की रात्री कंदील घेऊन बुजवायला आम्हीच जायचं, आणि सुगी झाली की खंड मोजून द्यायचा. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून नाव खोतांचं. आजोबांचं नाव शेजारच्या रकान्यात, बारीक अक्षरात, जिथे कुळाचं नाव, खंड आणि इतर हक्क लिहितात तिथे. बाबा सांगायचे, तो उतारा आजोबांना वाचता येत नव्हता, पण आपलं नाव कागदाच्या कुठल्या बाजूला आहे हे ते बोटानं बरोबर दाखवायचे. पुढे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक मानला गेला, आणि मग ३२ गची चौकशी, ठरलेली किंमत, हप्ते, चलनं, ३२ मचं प्रमाणपत्र असं सगळं रीतसर झालं. ती चलनं बाबांनी एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा.

वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर आता वाटतं, ओपन सोर्समधली बहुतेक भांडणं याच दोन रकान्यांची आहेत. कसणारे एका बाजूला, नाव दुसऱ्या बाजूला. आणि जोवर पाऊसपाणी ठीक असतं तोवर कुणी उतारा काढून बघत नाही.

रेडिसचंच घ्या. सिसिलीतल्या साल्वातोरे सानफिलिप्पोनं, ज्याला सगळे अँतिरेझ म्हणतात, ते २००९ मध्ये स्वतःच्या एका छोट्या साइटसाठी लिहिलं. वेबसाइटवर कोण येतंय-जातंय याची ताजी आकडेवारी दाखवायची होती आणि मायएसक्यूएल त्याला पुरं पडेना. लायसन्स बीएसडी, म्हणजे घ्या, वापरा, विका, फक्त मूळ लेखकाची नोंद पुसू नका. त्याला पगार आधी व्हीएमवेअरनं दिला, मग पिव्होटलनं, आणि २०१५ पासून रेडिस लॅब्सनं, जिचा धंदाच रेडिस चालवून देण्याचा होता. २०१८ मध्ये रेडिस या नावाचा ट्रेडमार्क कंपनीकडे गेला. त्याच वर्षी कंपनीनं आपल्या काही जोड-मॉड्यूल्सचं लायसन्स आवळलं, ओरड झाली, तेव्हा अँतिरेझनं स्वतःच्या ब्लॉगवर लिहून टाकलं की मूळ रेडिस बीएसडीच राहील. तो खोटं बोलत नव्हता. फक्त ते वचन पाळायचं की नाही हे पुढे त्याच्या हातात राहिलं नाही. २०२० मध्ये तो बाजूला झाला. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, म्हणून इतरांचे पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, तपासत बसणं हे आपलं काम नाही, आपण कोड लिहितो तो स्वतःला व्यक्त करायला, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं जाताना लिहिलं होतं. पुढच्या वर्षी कंपनीनं आपल्या नावातलं 'लॅब्स' काढलं. आता कंपनी म्हणजे रेडिस आणि रेडिस म्हणजे कंपनी. आणि २० मार्च २०२४ ला पुढच्या व्हर्जनपासून बीएसडी बंद झालं. त्याजागी दोन लायसन्स, हवं ते निवडा, आणि दोन्ही ओपन सोर्सच्या मान्य व्याख्येत न बसणारी.

अँतिरेझच्या स्वभावाचा एक पुरावा अजून रेडिसच्या आत आहे. प्रॉम्प्टवर 'लोलवट व्हर्जन ५' असं लिहून एंटर मारलं की काळ्या स्क्रीनवर ब्रेलच्या ठिपक्यांनी चौकोनांच्या रांगा उमटतात. वरच्या रांगा कवायतीला उभ्या असाव्यात तशा सरळ. खाली येता येता चौकोन कलायला लागतात, एकमेकांवर चढतात, आणि तळाशी नुसता ढीग. संगणकावर चित्रं काढणाऱ्या पहिल्या पिढीतले जर्मन कलाकार गिओर्ग नीस यांच्या १९६८ च्या एका कामाला ही दाद. ही कमांड दुसऱ्या कशाच्याही उपयोगाची नाही. जगभरच्या बँका, दुकानं, तिकीट खिडक्या ज्या डेटाबेसवर चालतात त्यात एक माणूस निव्वळ हौसेखातर हे ठेवून देतो, आणि पुनरावलोकनाची कुठलीही समिती त्याला अडवत नाही, कारण तेव्हा समिती नव्हतीच. मी फाउंडेशनांच्या बाजूनं कितीही बोलत असलो तरी एवढं कबूल आहे की मतदानातून लोलवट कधी जन्माला आलं नसतं.

आता जमीन आणि कोड यांत जो मोठा फरक आहे तो इथे येतो. जमिनीची नक्कल निघत नाही. कोडची निघते. रेडिसच्या कसणाऱ्यांनी अख्खं शेत, बांधासकट, उभ्या पिकासकट उचललं आणि शेजारच्या गावात नेऊन ठेवलं. ७.२.४ या व्हर्जनपासून त्यांनी फाटा फोडला, म्हणजे तिथून पुढे त्याच कोडचं वेगळं सॉफ्टवेअर सुरू केलं, नाव ठेवलं व्हॅल्की, आणि आठ दिवसांत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली त्याची घोषणाही झाली. मागे काय राहिलं? नाव. आणि नाव ही साधी गोष्ट नाही. नव्या मुलाला डेटाबेस शिकवताना आपण व्हॅल्की म्हणत नाही, रेडिस म्हणतो. नोकरीच्या जाहिरातीत रेडिस असतं. गुगलवर लोक रेडिस शोधतात.

हा धडा पहिल्यांदा बघितला तो ओपनऑफिस या ऑफिस-कामाच्या सॉफ्टवेअरच्या वेळी. तेव्हा पुण्यात आम्ही काही जण रविवारी सदाशिव पेठेतल्या एका मित्राच्या क्लासच्या खोलीत जमायचो आणि मेनूंचं, सूचनांचं मराठी करायचो. बाकांवर कोरलेली नावं, खडूची धूळ, खालच्या हॉटेलातून येणारा सांबाराचा वास, आणि एकाच वाक्यावर तासभर हमरीतुमरी. अक्षरं दिसायची ती लोहित फॉन्टमध्ये, आणि तो २००४ मध्ये खुला केला होता रेड हॅट या चक्क कंपनीनं, हेही इथे नोंदवून ठेवतो. ओपनऑफिसचा सातबारा आमच्यापैकी कुणीच काढला नव्हता. मूळचं ते जर्मनीतल्या स्टार डिव्हिजनचं. १९९९ मध्ये सन या संगणक कंपनीनं ती कंपनी घेतली, पुढच्या वर्षी कोड खुला केला. सन दिलदार मालक होतं, आणि दिलदार मालकाच्या काळात कुळाला कागदाची आठवण येत नाही. जानेवारी २०१० मध्ये अख्खं सन ओरॅकल या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. त्या सप्टेंबरच्या २८ तारखेला बरीचशी कामाची माणसं बाहेर पडली, त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केलं आणि सॉफ्टवेअरला लिबरऑफिस हे नाव दिलं, तेही तात्पुरतं, कारण ओरॅकल जुनं नाव फाउंडेशनला देऊन टाकेल अशी त्यांना आशा होती. ओरॅकलनं नाव दिलं नाही. उलट जुन्या कम्युनिटी कौन्सिलमध्ये जे दोन्हीकडे होते त्यांना, तुमचे हितसंबंध गुंतलेत, जागा सोडा, असं सांगण्यात आलं. जर्मनीत प्रतिष्ठान उभारायला त्यांना ५०,००० युरोंची गंगाजळी हवी होती. ती लोकांनी आठ दिवसांत जमवून दिली आणि २०१२ मध्ये बर्लिनला रीतसर नोंदणी झाली. एका कंपनीची माणसं किती असावीत यालाही घटनेत मर्यादा घातली गेली.

आणि ओपनऑफिस? ते ओरॅकलनं जून २०११ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला देऊन टाकलं. म्हणजे गंमत बघा, तेही फाउंडेशनमध्येच आहे. अपाचे तर फाउंडेशनांमधलं सोवळं घर: सभासद फक्त व्यक्ती, तेही काम बघून निवडलेल्या, कंपनीला कितीही पैसे ओतून तिथे मत विकत घेता येत नाही. पण कसणारी माणसं आधीच निघून गेली होती. नाव उत्तम, कागदपत्रं चोख, विश्वस्त निर्मळ, आणि शिवारात तण. २०१६ मध्ये प्रकल्प गुंडाळावा का याची चर्चा त्यांच्यातच उघडपणे झाली. नावाच्या पुण्याईवर लोक अजून ते डाउनलोड करतात, हे मला आजही थोडं जिव्हारी लागतं. आमचं मराठी दोन्हीकडे गेलं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तरी लागतं.

ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरची गोष्ट याच्या बरोबर उलटी, आणि मला आजोबांच्या चलनांची आठवण करून देणारी. टॉन रोसेंडाल या डच माणसानं १९९४ पासून आपल्या ॲनिमेशन स्टुडिओसाठी ते लिहायला घेतलं, पुढे त्यासाठी नॅन नावाची कंपनी काढली, गुंतवणूकदार आले, २००२ च्या सुरुवातीला कंपनी बुडाली. ब्लेंडरचे हक्क गुंतवणूकदारांकडे अडकले. दुसरा कोणी असता तर नवीन नोकरी शोधली असती. रोसेंडालनं फाउंडेशन काढलं आणि गुंतवणूकदारांना विचारलं, किती घ्याल? १,००,००० युरो. जुलैमध्ये त्यानं वापरणाऱ्यांपुढे हात पसरले आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. तेव्हा क्राउडफंडिंग हा प्रकार कुणाच्या तोंडी नव्हता. १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली खुलं झालं. ज्यांनी पाच-दहा युरो पाठवले असतील त्यांचा तो ३२ गचा हप्ता होता. कायद्यानं मालक ठरवलं तरी किंमत भरावी लागते, फुकटात उतारा बदलत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे ब्लेंडरची ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अनोळखी लोकांविषयी उगाच आपुलकी वाटली. आज तिथे मोठ्या कंपन्यांचा पैसा येतो. एपिक गेम्सनं २०१९ मध्ये १२ लाख डॉलर दिले. पण दिले ते देणगी म्हणून, आणि नाव, कोड, निर्णय ॲमस्टरडॅमच्या त्या प्रतिष्ठानातच राहिले. २०२५ मध्ये लात्वियातल्या ज्या चित्रपटाला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं तो ब्लेंडरमध्ये बनला होता. एका बुडालेल्या कंपनीच्या अडगळीतून निघालेलं अवजार ते!

इथवर वाचून कुणाला वाटेल की फाउंडेशन आलं की प्रश्न मिटला. आपल्याकडे संस्था, मंडळ, प्रतिष्ठान, न्यास असले शब्द ऐकून ज्यांची हयात गेली त्यांना असं वाटणार नाही म्हणा. पाटीवर 'सार्वजनिक' लिहिलेलं असतं, आणि तीन पिढ्या खुर्ची एकाच घरात. वर्डप्रेसचं घ्या, ज्यावर मराठीतले कितीतरी ब्लॉग चालतात. वर्डप्रेस फाउंडेशन २०१० पासून आहे, ट्रेडमार्कही फाउंडेशनकडे आहे. पण त्या नावानं धंदा करण्याचा एकमेव परवाना परत ऑटोमॅटिक या कंपनीकडे, आणि कंपनी मॅट मुलनवेगची. जिथून सगळ्या जगाच्या साइट आपले प्लगइन आणि अपडेट घेतात ती वेबसाइट तर फाउंडेशनचीही नाही, खुद्द मुलनवेगच्या मालकीची. २०२४ च्या शरदात त्याचं डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी वाजलं. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी लोक लॉगिन करायला गेले तर पासवर्डच्या खाली एक नवी चौकट. मी डब्ल्यूपी इंजिनशी कोणत्याही प्रकारे संबंधित नाही, असं कबूल करून टिक मारायची, तरच आत. वर्षानुवर्षं फुकट काम करणाऱ्या स्वयंसेवकांनाही तीच चौकट. डिसेंबरमध्ये कोर्टानं ती काढायला लावली तेव्हा तिच्या जागी दुसरी आली: पिझ्झावर अननस छान लागतो, याला टिक मारा. हसू आलं, पण घशाशी येऊन थांबलं. ज्याच्या हातात दार असतं त्यालाच असले विनोद परवडतात. फाउंडेशन होतं, ट्रेडमार्क जागच्या जागी होता, आणि दार एका माणसाच्या हातात होतं.

आणि लिनक्स फाउंडेशन, ज्याच्या आसऱ्याला आता जो तो धावतो, ते तरी काय आहे? अमेरिकेच्या आयकर कायद्यात अपाचे बसतं ५०१(सी)(३) मध्ये, म्हणजे धर्मादाय संस्थांच्या रांगेत. लिनक्स फाउंडेशन बसतं ५०१(सी)(६) मध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघांच्या रांगेत. सर्वांत वरच्या श्रेणीचं सभासदत्व वर्षाला ५ लाख डॉलर. यात बेकायदा काही नाही, लपवलेलंही काही नाही. पण दोन्हींना आपण एकाच शब्दानं हाक मारतो. व्हॅल्कीच्या घोषणेत ज्यांची नावं होती त्यात ॲमेझॉन, गुगल क्लाउड आणि ओरॅकल होते. होय, तेच ओरॅकल. रेडिस कंपनीची तक्रार काय होती? की हे बडे क्लाउडवाले आमचं रेडिस फुकट उचलतात, भाड्यानं लावतात, आणि आम्हाला काही देत नाहीत. त्यांना रोखायला लायसन्स बदललं, तर त्यातलेच काही जण समाजाचा झेंडा घेऊन फाउंडेशनमध्ये येऊन बसले. कोण कूळ आणि कोण खोत, हे सांगायची सोय राहिली नाही. व्हॅल्कीच्या बाजूनं उभी राहिलेली मॅडलिन ओल्सन वर्षानुवर्षं रेडिसवर काम करत होती, तिचा शब्द त्या कोडमध्ये मुरलेला होता, आणि तिचा पगार ॲमेझॉनचा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या.

आमच्या ऑफिसात या विषयावर कँटीनमध्ये जोरदार वाद झाले. टीममधली सगळी तरुण मुलं कंपनीवर भडकलेली. "विश्वासघात आहे सर हा." मी ऐकून घेतलं. आम्ही ते किती वर्षं वापरतोय, आमचं रोजचं किती काम त्यावर चालतं, आणि त्याबदल्यात आमच्या कंपनीनं आजवर दिलेला खंड किती? शून्य. पॅच? शून्य. २०१४ मध्ये हार्टब्लीड झालं, म्हणजे इंटरनेटच्या कितीतरी कुलपांत एकच खोट सापडली, तेव्हा कळलं की ती कुलपं बनवणाऱ्या ओपनएसएसएलला वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणग्या यायच्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. तिथे कुणी कंपनी मालक नव्हती, कुणी लायसन्स बदलून विश्वासघात केला नव्हता. सगळं सार्वजनिक होतं आणि कुणी बघत नव्हतं. हे मी त्या मुलांना सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "मग सर, कंपनीचंच असलेलं बरं ना? निदान पगार तरी होतात." मला त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. पगार होतात हे खरंच आहे. माझाही होतो.

उत्तर सापडलं असेल तर ते त्या एकेचाळीसाव्या ओळीत. पोस्टग्रेस निघालं बर्कलेच्या विद्यापीठातून, १९९६ पासून जगभरची माणसं ते पुढे नेतायत. त्याची मालक म्हणावी अशी कंपनी नाही, आणि सगळं ताब्यात घेऊन बसलेलं एखादं फाउंडेशनही नाही. ट्रेडमार्क सांभाळायला कॅनडात एक ना-नफा संस्था आहे, तांत्रिक बाजूनं एक छोटी कोअर टीम. राबणारे मात्र बहुतेक पगारीच आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे. त्यातल्या ईडीबीचं ऑफिस आमच्या पुण्यातच आहे, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या शेजारी हॉर्न वाजवणारा एखादा माणूस त्या दिवशी पोस्टग्रेसमध्ये भर घालणारा असू शकतो. तर २०२० मध्ये ईडीबीनं सेकंड क्वाड्रंट ही दुसरी पोस्टग्रेसवाली कंपनी विकत घेतली. रातोरात कोअर टीममधली निम्म्याहून जास्त माणसं एकाच कंपनीच्या पगारपत्रकावर आली. कुणी काही वावगं केलं नव्हतं, कुणाचा तसा इरादाही नव्हता. पण एका कंपनीची माणसं निम्म्यापेक्षा जास्त नसावीत असा त्यांच्यात एक अलिखित संकेत होता. त्यांनी तो बाहेर सांगितला, आणि नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ठिकाणची दोन माणसं टीममध्ये घेऊन तोल सावरला. एवढंच झालं. बातमी कुठे मोठी झाली नाही, फाटा फुटला नाही, कुणी जाहीरनामा काढला नाही. मला या सगळ्या प्रकरणांत हेच सर्वांत देखणं वाटतं. कंपन्यांचा पैसा येऊ द्यायचा, माणसं येऊ द्यायची, पण उताऱ्यावर एकाचंच नाव चढतंय असं दिसलं की भांडण व्हायच्या आत हलायचं. आणि ते हलायला लेखी नियमही लागला नाही. लागली ती लक्ष ठेवणारी माणसं.

रेडिस पुन्हा फिरलं, हेही सांगायला हवं. २०२४ च्या अखेरीस अँतिरेझ कंपनीत परतला आणि मे २०२५ मध्ये आठव्या व्हर्जनबरोबर एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय आला, म्हणजे ते पुन्हा ओपन सोर्स म्हणण्याजोगं झालं. त्यानं यासाठी आतून जोर लावला हे त्याच्याच लिहिण्यात आहे. मला त्याच्याविषयी आदर आहे, पण तरीही आमच्या नव्या कामासाठी मी व्हॅल्कीच निवडलं. मुलांना वाटलं मी तत्त्वासाठी निवडलं. तत्त्वाचा भाग थोडा होता. बाकी एवढंच की एका चांगल्या माणसाच्या परत येण्यावर जे अवलंबून असतं ते त्याच्या पुन्हा जाण्यावरही असतं.

व्हॅल्की तरी सुरक्षित का, असं त्याच पोरानं विचारलं, तेव्हा मी त्याला नॅट्सचं प्रकरण वाचायला पाठवलं. नॅट्स हे संदेश इकडून तिकडे पोहोचवणारं सॉफ्टवेअर. सिनेडिया ही त्याच्यामागची कंपनी. २०१८ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनला, म्हणजे लिनक्स फाउंडेशनच्याच एका शाखेला दान दिलं गेलं. समारंभ झाला, लोगो लागला, लोकांनी निर्धास्तपणे वापरायला घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये कंपनी म्हणाली, आमचं आम्हाला परत द्या, पुढच्या व्हर्जनचं लायसन्स आम्हाला बदलायचंय. फाउंडेशन म्हणालं, दिलेलं दान परत कसं मागता? मग वकिलांची पत्रं निघाली आणि त्यात कळलं की नावाचा ट्रेडमार्क इतकी वर्षं फाउंडेशनच्या नावावर झालेलाच नव्हता. १ मेला तडजोड झाली, ट्रेडमार्क लिनक्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरलं, नॅट्स खुलं राहिलं. पोरगा वाचून आला आणि म्हणाला, "सर, सात वर्षं कुणी चेकच केलं नाही?" दान झालं होतं, फेरफार घालायचा राहिला होता. आमच्या गावात असं काही झालं असतं तर पहिल्या पावसाच्या आत चुलत्यांपैकी कुणीतरी तलाठ्याकडे अर्ज टाकून आला असता, आणि वर चहा पिऊन, सबंध वाडीला सांगत.